पंखा बंद करा, बाण सोडायचाय

कारेगावच्या आसपास आमच्या मामांएवढा मोठा तिरंदाज आजवर झाला नाही, आणि पुढंही होईल असं मला वाटत नाही. आता या थोर तिरंदाजाने उभ्या आयुष्यात खरं धनुष्य कधी हातात धरलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. लहानपणी गोफण धरली होती म्हणे, पण पाखरं राहिली बाजूला आणि दगड लागला शेजाऱ्यांच्या म्हशीला, तेव्हा तीही वडिलांनी काढून घेतली. मामांची सगळी तिरंदाजी झाली ती घरातल्या टीव्हीवर, सतरंजीवर मांडी घालून, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट धरून. मामा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. रांजणगावच्या एका कंपनीत ते गाडीवर ड्रायव्हर होते. अंगाने आडवे, मिशा उभ्या, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की जगात सगळे चुकतायत आणि हे सांगायचं काम आपल्यावर येऊन पडलंय.

मामांच्या गाडीत एक परदेशी साहेब बसायचा, मशिनी बसवायला आलेला. साहेबाला मराठी येत नव्हतं, मामांना त्याची भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघांचं फार छान जमायचं. साहेबाला आत्याच्या शेंगदाण्याच्या चटणीचं वेड लागलं होतं. परत जाताना त्याने मामांच्या हातात एक खोकं दिलं आणि छातीवर हात ठेवून काहीतरी बोलला. मामांना वाटलं कॅमेरा असेल. घरी येऊन उघडलं तर आत एक काळा डबा, चार रिमोट आणि एकच कॅसेट. त्यावरचं एकही अक्षर कोणाला वाचता येईना. मामांनी सगळी बटणं दाबून पाहिली, तेव्हा कुठं त्यात पोत्यातली शर्यत, बेडकांच्या उड्या आणि असले चौघांनी मिळून खेळायचे कितीतरी खेळ निघाले. मामांनी ते एका फटक्यात निकालात काढले. "ही पोराटोरांची कामं," म्हणाले. त्यांच्या मनात भरला तो फक्त बाणाचा खेळ. तिथवर पोचायचा रस्ता ते आरतीसारखा म्हणायचे, "खाली, खाली, उजवीकडं, लाल बटन, जरा दम खायचा, परत लाल बटन." मध्ये कोणी बोललं की पहिल्यापासून सुरू.

खेळ तसा सोपा. लांबवर एक गोल पाटी इकडून तिकडं सरकत असायची, तिच्या मधोमध लाल ठिपका. बटण दाबून धरलं की धनुष्य ताणलं जायचं, सोडलं की बाण सुटायचा. घाई अजिबात नाही, पाहिजे तेवढा वेळ ताणून बसा. चार रिमोटची चार जनावरं ठरलेली, अस्वल, ससा, माकड आणि बदक. अस्वलाचा रिमोट मामांचा. त्याला घरात कोणी हात लावायचा नाही, आत्यासुद्धा फडकं मारताना तो वगळायची. खेळ संपला की जिंकणाऱ्याचं जनावर नाचायचं आणि हरणाऱ्याचं जनावर खाली बसून, डोक्याला हात लावून, मोठमोठ्याने गळा काढायचं. हे रडणं नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. आणि पाटीशेजारी काठीवर एक झेंडा होता, तोही ध्यानात ठेवा. झेंडा एरवी पांढरा असायचा, वारा जोराचा सुटला की लाल व्हायचा. हा शोध मामांनी स्वतः लावला होता आणि त्याचा त्यांना एवढा गर्व होता की पाव्हण्यांना पाण्याआधी तो सांगायचे.

वाऱ्यावरून आठवलं. बाणावर वाऱ्याचा परिणाम होतो हे एकदा कळल्यावर मामांनी डोकं लावलं आणि खेळायला बसताना घरातला पंखा बंद करायला सुरुवात केली. एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, खोलीत दहा माणसं, आणि पंखा बंद. दारं-खिडक्याही लोटून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, तो वारा टीव्हीतला हाय, हा घरातला. ह्याचा त्याला काय संबंध?" मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. म्हणाले, "भाचेबाई, तू कालिजात शिकती ते ठीक हाय. पर बाण कवा सोडलाय का?" शेजारच्या खोल्यांमध्ये कंपन्यांत काम करणारी उत्तरेकडची मंडळी भाड्याने राहायची, ती रविवारी खेळायला यायची. त्यांच्यातला एक जण बनियन पिळत काकुळतीने म्हणायचा, मामाजी, पंखा तो चालू करो. मामा स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायचे, "बाण हिल जायेगा ना रे बाबा."

बाण सोडायचा तो अंगठ्याने, म्हणून मामांनी उजव्या अंगठ्याला सगळ्या घरकामातून निवृत्त केलं. त्या अंगठ्याने लसूण सोलायचा नाही, शेंगा फोडायच्या नाहीत, आंबा पिळायचा नाही. रात्री झोपताना त्याला खोबरेल लावायचे. आत्या वैतागून म्हणायची की लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नाही यांनी. आणि माणसाची पारख तर ते अंगठ्यावरूनच करायचे. निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडत दारात आला, त्याला मामांनी आत बोलावून बदकाचा रिमोट दिला. बिचाऱ्याच्या बदकाने असा गळा काढला की बाहेर थांबलेले कार्यकर्ते काय झालं म्हणून आत धावले. तो निवडून आला ते सोडा, पण मामांनी त्याला शेवटपर्यंत "कच्च्या अंगठ्याचा" असंच म्हटलं.

एक गोष्ट मात्र मामांकडून कधी झाली नाही. दुसऱ्या कोणाचा बाण मधोमध लागला, तर तो चांगला मारला असं ते मरतुकड्या आवाजातसुद्धा म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "वारा पडला व्हता तवा." मी एकदा ओळीने तीन बाण लाल ठिपक्यात घातले. मामा शांतपणे म्हणाले, "आज वारा तुझ्या आत्याच्या माहेरच्या बाजूनं हाय." मी त्या दिवशी जेवले नाही, एवढा राग आला. आत्याने पुरणपोळी केली होती, तरी नाही जेवले. चहा तेवढा घेतला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मामांना एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण, जिला मी ताई म्हणते, आणि ताई लग्नाची झाली. बघायला आलेल्या प्रत्येक मुलाला मामा पोहे संपायच्या आत सतरंजीवर बसवायला लागले. पहिल्याने घाईघाईत बाण सोडले, तो उतावळा. दुसरा फार वेळ ताणून बसला, तो आळशी. तिसऱ्याने तर माकड मागून घेतलं. असा एकेक मुलगा बदकाबरोबर रडून परत जायचा. आत्याने बोलणं सोडलं, ताईने जेवण सोडलं, मामांना काहीच सोडावंसं वाटलं नाही.

मग दौंडचं स्थळ आलं. आलं कसलं, ताई शिरूरला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची तिथं तो मुलगा शिकायला यायचा, आणि दोघांचं ठरलेलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. मुलगा सोन्यासारखा. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. ते रेल्वेत गार्ड होते, नुकतेच रिटायर झालेले, आणि मानापानाला भलतेच कडक. थोरल्या मुलाच्या वेळी एका ठिकाणी त्यांच्याआधी दुसऱ्याला चहा दिला म्हणून ते कप न उचलता निघून आले होते, आणि ते लग्न तिथंच मोडलं होतं. ताईने मामांना समोर बसवून सांगितलं की आप्पा, मला हेच घर पाहिजे, या वेळी तो डबा काढू नका. मामांनी कबूल केलं. माझ्यासमोर त्यांनी तो डबा गोधड्यांत गुंडाळून कपाटावर टाकला आणि वर दोन उशा ठेवल्या.

पाव्हणे आले, पोहे झाले, पहिला चहा नेमका गार्डसाहेबांनाच गेला, सगळं कसं रुळावर होतं. आणि गार्डसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ते बाणाचं काय हाय म्हणं तुमच्याकडं? लई ऐकलंय." स्वयंपाकघरात आत्याच्या हातातलं झाकण खाली पडलं. मामा टाळायला लागले, बिघडलाय म्हणाले, वायर नाही म्हणाले. गार्डसाहेबांचा चेहरा बदलला. म्हणजे बाकीच्यांना दाखवता आणि आम्हाला नाही? झालं. उशा खाली आल्या, गोधड्या सुटल्या, डबा टीव्हीला लागला.

सवयीने मामांनी पाव्हण्यांपुढे बदकाचा रिमोट धरला. गार्डसाहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, मग मामांकडे, आणि विचारलं, "आम्हाला बदक का?" तेव्हा मामांनी स्वतःच्या हाताने अस्वल त्यांना दिलं आणि बदक आपल्याकडे घेतलं. आजवर पोटच्या पोरीला न दिलेलं अस्वल! वर गार्डसाहेब म्हणाले, उकडतंय, पंखा लावा की. मामा उठले आणि पंखा लावला. बाणाच्या वेळी त्या घरात पंखा फिरताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला, आणि ताईच्या लग्नासाठी हा माणूस काय वाटेल ते करील हे मला कळलं. हरायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण हरणं काय सोपं असतं? गार्डसाहेबांचा पहिला बाण गवतात गेला. त्यांच्याहून वाईट मारायचा म्हणून मामांनी बदकाचं तोंड सरळ आभाळाकडे केलं आणि सोडला बाण. तर वरून एक फुगा चालला होता. एवढ्या वर्षांत आम्ही तो फुगा कधी बघितला नव्हता. बाण नेमका त्याला लागला, घंटा वाजल्या, रंगीबेरंगी चांदण्या पडल्या आणि बदकाला गुणच गुण मिळाले. मामांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या खेपेला गार्डसाहेबांचा बाण मागच्या झाडात घुसला. मामांनी डोळे गच्च मिटून बाण सोडला, तर सरकणारी पाटीच चालत येऊन बाणापुढे उभी राहिली. मधोमध! परत घंटा वाजल्या. गार्डसाहेबांनी दुसऱ्या चहाचा कप अर्धाच खाली ठेवला. तो कप बघून, बोलणी करायला शेजारी बसलेले माझे वडील छताकडे बघायला लागले.

ताई कप उचलायचं निमित्त करून आली, वाकली, आणि मामांच्या कानाशी म्हणाली, "आप्पा, हरा ना."

मामा ओठ न हलवता म्हणाले, "हरतोय की गं. जमंना."

मी शेजारीच बसले होते म्हणून मला ऐकू आलं. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचंच होतं असं नाही. आता शेवटचा एकेक बाण राहिला होता. तो सुटला की अस्वल खाली बसून, डोक्याला हात लावून, पाव्हणे-रावळ्यांसमोर गळा काढणार. चहावरून सोयरीक मोडणारा माणूस हे सहन करणार होता होय? गार्डसाहेबांनी धनुष्य ताणलं, आणि तेवढ्यात स्क्रीनवर वारा सुटला आणि झेंडा लाल झाला. गार्डसाहेब थांबले. बटण तसंच दाबून बसून राहिले. माझ्या वडिलांना राहवेना, ते म्हणाले, "सोडा की पाव्हणं." गार्डसाहेबांनी मान हलवली.

"झेंडा लाल हाय," ते म्हणाले. "लाल झेंड्यावर मी आयुष्यात गाडी सोडली न्हाई."

वडील हसले आणि म्हणाले, अहो, तो खेळातला झेंडा, त्याचं काय एवढं? गार्डसाहेबांचा चेहरा तांबडालाल झाला. आता उठतात, असं वाटलं. आणि मामांनी, ज्यांनी त्या झेंड्याचा शोध लावला होता, तो वाऱ्याचा आहे हे गावभर सांगत जे हिंडले होते, आणि हिरवा झेंडा त्या खेळात मुळातच नाही हे ज्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, त्या मामांनी माझ्या वडिलांवर डोळे वटारले.

"खेळातला असला म्हणून काय झालं?" मामा म्हणाले. "झेंडा त्यो झेंडा. तुम्ही सोडू नका, गार्डसाहेब. हिरवा हुईस्तवर आपण बसू."

आणि बसले की दोघं! अस्वल धनुष्य ताणून उभं, झेंडा लाल, वर पंखा गरगरतोय. मामांनी हळूच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि गार्डसाहेबांना विचारलं की अशी कधी गाडी रोखून धरली होती का. मग काय, गार्डसाहेब खुलले. एकदा पावसापाण्यात पुढचा लाल झेंडा हलेना म्हणून त्यांनी गाडी कशी उभी ठेवली, पॅसेंजर शिव्या घालत होते, एकाने छत्री उगारली, तरी ते जागचे हलले नाहीत, आणि मागाहून कळलं की पुढं रुळाखालची खडी वाहून गेली होती. ही गोष्ट त्यांच्या घरात आता कोणी पुरती ऐकून घेत नव्हतं. मामांनी ती पुरती ऐकली, मध्ये मध्ये "मग?" म्हणत ऐकली. गोष्ट संपली आणि चार वाजले. कारेगावात तेव्हा चार वाजता लोडशेडिंग असायचं. टीव्ही गेला, पंखा थांबला, अस्वल न रडताच अंधारात गेलं.

गार्डसाहेबांनी रिमोट हळूच सतरंजीवर ठेवला आणि अर्धा राहिलेला कप उचलला. "नियमाचा माणूस हायसा तुम्ही," ते मामांना म्हणाले. "पोरगी आमची झाली. पर माझा एक बाण राह्यला बरं का, व्याही." स्वयंपाकघरात ताईने आत्याला मिठी मारली आणि दोघी मिळून रडल्या, ते अस्वलाच्या वाटचं असावं.

लग्न थाटात झालं. पुढं दर दिवाळीला, दर बारशाला, व्याही भेटले की पहिलं वाक्य तेच, माझा एक बाण राहिलाय. पण डबा नव्याने लावला की मागचं सगळं पुसलं जायचं, आणि पहिल्यापासून खेळायला दोघंही तयार नव्हते. तो राहिलेला बाण तसाच राहिला. ताई सासरी गेल्यावर मामांचं खेळणंही कमी झालं. शेजारच्या खोल्यांतली मंडळी काम संपवून गावोगाव गेली. एका पावसाळ्यात उंदराने डब्याची वायर खाल्ली, आतही काही जळलं, आणि शिरूरच्या दुकानदाराने बघून सांगितलं की याचं आता काही होणार नाही. मामांच्या घरात पंखा दिवसभर फिरायला लागला. आम्ही इतकी वर्षं त्या पंख्यासाठी भांडलो, पण तो फिरताना मला बघवायचं नाही.

मग एक दिवस ताईचा फोन आला. गार्डसाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, आणि ते मामांची आठवण काढत होते. मी तोवर शिरूरला राहायला गेले होते, मामा तिथं माझ्याकडे आले ते पाठीवर पोतं घेऊनच. पोत्यात डबा. मी म्हटलं, मामा, तो बंद पडलाय ना? मामांनी पोत्याची गाठ तेवढी आवळली. दौंडच्या एसटीत त्यांनी पोतं मांडीवर धरलं, कंडक्टरने दोनदा सांगितलं तरी खाली ठेवलं नाही.

गार्डसाहेब खाटेवर उशांना टेकून बसले होते. मामांनी डबा काढला, उंदराने कुरतडलेली वायर तशीच टीव्हीच्या मागे खोचली, आणि लागले पुटपुटायला, "खाली, खाली, उजवीकडं, लाल बटन, जरा दम खायचा, परत लाल बटन." टीव्हीवर काळोख होता तो काळोखच. ताईने माझा हात घट्ट धरला. मामांनी अस्वलाचा रिमोट व्याह्यांच्या डाव्या हातात दिला आणि त्यांचा अंगठा बटणावर नीट बसवला. मग उठले, भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला.

गार्डसाहेब त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. त्यांना काय दिसत होतं ते देवाला ठाऊक. बऱ्याच वेळाने त्यांनी जड जिभेने विचारलं, "झेंडा?"

"हिरवा हाय," मामा म्हणाले. "सोडा."

अंगठा उचलला गेला. मामांनी बाण जायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला. मग म्हणाले, "मधोमध. जिंकलासा, व्याही."

गार्डसाहेब चांगल्या असलेल्या अर्ध्या तोंडाने हसले आणि मामांचंच वाक्य त्यांनी मामांना ऐकवलं, "वारा... पडला व्हता?"

"न्हाई," मामा म्हणाले. "चांगला सुटला व्हता. मारला तुम्ही."

व्याही त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. डबा मामांनी दौंडलाच सोडला, ताईच्या कपाटावर, गोधडीत गुंडाळून. आता मामा थकलेत, दिवसभर ओट्यावर बसून असतात, आणि अंगठ्याला खोबरेल लावायची सवय तेवढी राहिली आहे. कोणी नवं माणूस आलं आणि बाणाचा विषय निघाला की मामा सगळं सांगतात, साहेब, चटणी, फुगा, लाल झेंडा. मग तो माणूस विचारतो, म्हणजे तुम्हाला कोणी हरवलंच नाही का? मामा म्हणतात, "दौंडच्या व्याह्यांनी हरवलं की." आणि वाऱ्याचं नावसुद्धा काढत नाहीत.